मोठ्याचं मटण चिकट का लागतं?

कर्नाटकात 2020 च्या कायद्यानं गोवंश आणि 13 वर्षांखालच्या म्हशी कापायला बंदी आहे. त्यामुळे लोंढ्याकडे कायद्यानं मिळणारं मोठ्याचं मटण म्हाताऱ्या म्हशीचं किंवा रेड्याचंच. वयानं ते मुळातच गडद. म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका, बोट लावून बघा. नीट उतरलेलं मटण ओलसर लागतं. जनावर घाबरून, दमून आलेलं असलं तर मटण काळपट, कोरडं आणि बोटाला चिकटणारं.

असं का होतं? स्नायूंत साखरेचा साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. जनावर कापल्यावर या साखरेचं लॅक्टिक आम्ल होतं, दह्यात असतं तेच. आंबटपणा मोजायचं माप म्हणजे पीएच. आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त. जिवंतपणी सातच्या आसपास असलेला हा आकडा दिवसभरात 5.5 च्या जवळ येतो. तेव्हा मटण थोडं पाणी सोडतं, रंग खुलतो.

आता साठा आधीच संपला असेल तर? आम्ल पुरेसं होत नाही, पीएच सहाच्या वरच अडकतो. पाणी आतच धरून राहतं, म्हणून कापलेली बाजू कोरडी दिसते.

साठा संपतो तो वाटेत. फळी न लावता शेपूट पिरगाळून टेम्पोत चढवणं, उन्हात ताटकळवणं, खानापूर-रामनगरच्या वळणांवर तासन्‌तास तोल सांभाळत उभं ठेवणं. सगळ्यात वाईट म्हणजे अनोळखी जनावरं एकत्र कोंबणं. ती रात्रभर एकमेकांना ढुशा देत राहतात.

इथंच बहुतेकांची गफलत होते. रात्री चारा-पाणी दिलं की सकाळी सगळं ठीक, असं वाटतं. पाण्यानं तहान भागते, विसाव्यानं जनावर शांत होतं, दोन्ही हवंच. पण रवंथ करणाऱ्या जनावराचा साखरेचा साठा एका रात्रीत भरत नाही, काही दिवस लागतात. म्हणून खरी काळजी चढवतानाच घ्यायची. 2001 च्या कत्तलखाना नियमांत एका जनावरासमोर दुसरं कापायला मनाई आहे. ती दयेपोटी असली तरी मटणालाही फायद्याचीच.

असं दमल्यामुळे चिकट झालेलं मटण विषारी नसतं, पण आंबटपणा कमी असल्यानं लवकर वास मारतं. त्याच दिवशी शिजवा, गोव्याच्या पाहुण्यांसाठी बांधून देऊ नका. आणि शिजल्यावरही ते आतून लालसर दिसू शकतं, तेव्हा शिजलं की नाही हे रंगावरून ठरवू नका. वाफ भरपूर द्या.