शेवयांचा साचा

कणकेची तार काढण्याच्या जगभर तीन मुख्य रीती आहेत: ओढून लांबवणे, लाटून कापणे आणि भोकांतून दाबून काढणे. चीनमधले लामियान ओढून होतात, इटलीची स्पॅगेटी दाबून. जपानचे रामेन बहुतेक ठिकाणी लाटून कापलेले असते. तोक्योच्या असाकुसा भागात ओझाकी कानइची यांनी १९१० मध्ये 'राइराइकेन' हे दुकान काढले आणि योकोहामाच्या चिनी वस्तीतून आचारी आणले, तेव्हापासून रामेनची दुकानदारी वाढत गेली. सोलापूरकडच्या मोडनिंबसारख्या गावात मात्र कणकेच्या तारेचे, म्हणजे शेवयांचे, असे दुकान झाले नाही. शेवया घरी झाल्या, उन्हाळ्यात झाल्या आणि बायकांनी केल्या. इथे ओढण्याची रीत जुनी, दाबण्याची साच्याबरोबर आलेली. लाटून कापायचे म्हटले की चकोल्या होतात. त्या आमटीतच शिजतात आणि वाफाळत्या वाडग्यातून खाल्ल्या जातात. रामेनच्या वाडग्याला जवळचा पदार्थ शोधायचा तर तो हाच. पण चकोल्या त्याच दिवशी संपतात. शेवयांना वर्षभर टिकायचे असते, आणि त्यांची सगळी अडचण तिथेच सुरू होते.

मोडनिंब हे माढा तालुक्यातले बाजाराचे गाव. पुणे–सोलापूर महामार्ग त्याला लागून जातो आणि कुर्डुवाडी–पंढरपूर लोहमार्गावर त्याचे स्थानक आहे. मुलूख शाळूचा, 'मालदांडी ३५-१' हे रब्बी ज्वारीचे नामांकित वाण जवळच्याच मोहोळच्या संशोधन केंद्रातले. रोजच्या ताटात भाकरी असे, गहू सणावाराला निघे. त्यामुळे शेवया म्हणजे पाहुण्याचे, जावयाचे, मुलीच्या रुखवताचे खाणे. उकळत्या पाण्यातून काढायच्या, निथळायच्या आणि वर गुळवणी किंवा दूध-साखर आणि तुपाची धार. मुस्लिम घरांत ईदच्या शीरखुर्म्यासाठी त्याच लागतात, अधिक बारीक. १९८० साली उजनी धरण पूर्ण झाले, कालव्याचे पाणी फिरले आणि गव्हाचे अप्रूप ओसरले. शेवयांचा मान मात्र टिकला.

गहू बन्सी किंवा खपली. बन्सीचा दाणा कठीण, पिवळसर आणि प्रथिनांनी भरलेला. शेवयांचा फिका पिवळा रंग त्याचाच. रामेनचा पिवळेपणा वेगळ्या वाटेने येतो. त्या पिठात सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेटचा क्षार घालतात. त्याने तार चिवट होते आणि पिवळा रंगही येतो. आपल्याकडे उडदाच्या पापडात पापडखार पडतो तो याच जातीचा, पण शेवयांना त्याची गरज पडली नाही. त्यांत फक्त मीठ.

खरे कसब दळणाच्या आधीचे आहे. गहू धुऊन, ओलसर असतानाच फडक्यात बांधून रात्रभर ठेवतात. याला ओलवणे म्हणतात. पाणी टरफलात मुरते, टरफल चिवट होते आणि दळताना त्याचा भुगा न होता मोठे पापुद्रे सुटतात. आतला भाग रवाळ फुटतो. मग वस्त्रगाळ करून सपीट आणि बारीक रवा वेगळा निघतो. मोठ्या गिरण्यांतही दळण्यापूर्वी गहू असाच ओला करून मुरवतात. तिथे ओलावा मोजून पाहतात, इथे दाणा दाताखाली धरून. ओल जास्त झाली तर पीठ जात्याला लिंपते, कमी पडली तर कोंडा पिठात मिसळून शेवया काळसर होतात. हा निर्णय कुठलेही यंत्र घेत नाही.

साचा येण्यापूर्वी शेवया पाटावर होत. पाट तिरका उभा करायचा, कणकेचा गोळा तळव्याखाली धरून खाली घासत न्यायचा. पाटाच्या टोकाकडून तार उतरत राहते. दुसरी रीत हातशेवयांची. तेलाचा हात लावलेल्या कणकेची वळी ओढायची, दुमडायची, पुन्हा ओढायची. दर दुमडीला तारा दुप्पट होतात, दहा दुमडींत हजारावर जातात. ओढताना पिठातले चिकट प्रथिन एकाच दिशेला ताणले जाते, म्हणून हातशेवई शिजल्यावरही सुटी राहते.

साच्याने हे ओढणे काढून टाकले. रचना खिमा यंत्राची: वर तोंड, आत मळसूत्री दांडा, बाहेर हँडल आणि शेवटी भोकांची पितळी चकती. यंत्र बाकड्याला किंवा बाजेच्या कडेला स्क्रूने आवळतात. एकजण हँडल फिरवते, दुसरी खालून उतरणाऱ्या तारा दोन्ही हातांवर झेलते आणि काठीवर टाकते. सोऱ्यात दट्ट्या असतो, एक भरण संपले की थांबावे लागते. मळसूत्र अखंड चालते. साच्याची खरी किमया एवढीच, आणि ती लहान नाही. पूर्वी ज्या घरात हातशेवयांचे कसब असे तिथेच शेवया चांगल्या होत. साच्याने त्या कुणालाही करता येऊ लागल्या.

चकती मात्र हट्टी. कणीक घट्ट असली तर हँडल जागचे हलत नाही, सैल असली तर तारा खाली उतरताच एकमेकींना चिकटतात. मधली जागा बोटभर रुंद आहे आणि ती गव्हागणिक सरकते. मळसूत्राच्या घर्षणाने यंत्र तापते, कणीक मऊ पडते. मग हात आवरता घ्यावा लागतो. काम संपल्यावर भोकांत वाळलेले पीठ दाभणाने काढायचे असते. ते जमत नसले तर चकती पाण्यात भिजत ठेवतात. घाईने टोकरले की भोक मोठे होते आणि त्या भोकाची तार कायमची जाड निघते.

वाळवणे ही खरी परीक्षा. चैत्र-वैशाखात सोलापूरकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी असते, म्हणून हा काळ निवडला गेला. तरी कडक ऊन थेट लागले की तारेची वरची साल आधी आवळते, गाभा ओला राहतो, आणि नंतर तो आकसला की तार तडकते. डब्यात चुरा सापडतो तो यामुळे. म्हणून सुरुवात सावलीत, मग उन्हात. जपानमध्ये मोमोफुकु आंदो यांनी १९५८ साली हाच प्रश्न तेलात सोडवला: शिजवलेल्या शेवया तळून त्यांतले पाणी मिनिटा-दोन मिनिटांत उडवले. झटपट नूडल्सचा बहुतेक धंदा त्या एका युक्तीवर उभा आहे, आणि १९८३ मध्ये भारतात आलेल्या मॅगीने तो खेड्यापाड्यांत पोचवला.

आता हँडलचा साचा अनेक घरांत माळ्यावर गेला आहे. गिरणीच्या शेजारी विजेवरचे यंत्र असते. पीठ न्यायचे, किलोवर मजुरी द्यायची, तयार शेवया आणायच्या. या यंत्राने घाई वाढवली. गिऱ्हाइकांची रांग असते, त्यामुळे कणीक मुरायला वेळ मिळत नाही. ओलवलेला गहू आणण्याऐवजी बाजारचा रवा-मैदा मिसळला जातो, आणि मैद्याची शेवई शिजली की गिचका होते.

बचतगटांनी हा व्यवसाय उचलला आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत वैयक्तिक उद्योगाला ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये, भांडवली अनुदान कर्जाशी जोडून देण्याचे ठरले. यंत्र त्यातून येते. अडते ते वाळवणीपाशी: गच्ची हवी, धूळ नको, आणि एप्रिल-मे महिन्यांत अवकाळी पाऊस किंवा वावटळ आली तर दिवसभराचा माल एका तासात वाया जातो. बंदिस्त वाळवणयंत्र घेतले तर विजेचे बिल वाढते आणि विकत मिळणाऱ्या कारखानी शेवयांशी भावात टिकणे कठीण होते.

गव्हाचीही अडचण आहे. बाजारात सरबती आणि लोकवन सहज मिळतात, पोळीला ते उत्तम. बन्सी शोधावा लागतो. खपलीला शहरांत मागणी वाढली, तिचा भाव चढला, पण दाण्याला घट्ट बसलेले टरफल काढायला वेगळी कांडण लागते आणि ती सोय सगळ्या गिरण्यांत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने आणि धारवाडच्या कृषी विद्यापीठाने खपलीची बुटकी, न लोळणारी वाणे दिली आहेत. उसाच्या शेजारी ती पेरायची की नाही हे शेतकरी पाणी आणि दर पाहून ठरवतो.