शर्यत संपली, पुढे काय? निवृत्त ग्रेहाउंड घरी आणताना

(ताज्या भागाचं शब्दांकन. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी.)

कंपनीच्या बसमध्ये असाल, मरकळ रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल किंवा भांडी घासता घासता ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत.

आळंदी, चाकण, खेड म्हणजे बैलगाड्यांचा पट्टा. घाटात पळणारा बैल थकला की त्याचं पुढे काय होतं, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. त्याला शेवटपर्यंत दावणीला सांभाळणारे शेतकरी आपण पाहतो आणि बाजाराची वाट दाखवणारेही पाहतो. आज विषय आहे अशाच एका धावपटूचा, फक्त तो कुत्रा आहे.

पश्चिम महाराष्ट्रात आणि सीमाभागात यात्रा-जत्रांच्या निमित्ताने श्वान शर्यती होतात. माळावर धावपट्टी आखायची, पुढे खोटा ससा ओढायचा आणि मागे कुत्रे सोडायचे. त्यात ग्रेहाउंड असतात, आपले कारवान, पश्मी, मुधोळ असतात आणि त्यांचे संकरही. अंगाने सडपातळ, छाती खोल, कंबर मुठीत मावेल अशी. ग्रेहाउंड भरात असला की ताशी ६० ते ७० किलोमीटर वेगाने पळतो.

आणि मग एक दिवस वेळ कमी पडतो. पाय दुखावतो, वय तीन-चार वर्षांचं होतं, नवा कुत्रा येतो. शर्यत संपली. पण ग्रेहाउंड साधारण १० ते १३ वर्षं जगतो. म्हणजे निम्म्याहून जास्त आयुष्य अजून बाकी! ते कुठे काढायचं?

परदेशात हा प्रश्न मोठा झाला तेव्हा त्यासाठी व्यवस्था उभ्या राहिल्या. मकाऊचा कॅनिड्रोम हा ट्रॅक २०१८ मध्ये बंद झाला, तेव्हा मागे उरलेल्या ५०० हून जास्त ग्रेहाउंडना प्राणिप्रेमींनी घरं शोधून दिली. फ्लोरिडात त्याच वर्षी मतदारांनी शर्यती बंद करण्याचा कौल दिला आणि २०२० अखेर तिथली धाव थांबली. आपल्याकडे परवान्याचे ट्रॅकच नाहीत, त्यामुळे निवृत्तीची नोंदही नाही. कुत्रा ओळखीतून येतो. 'आता पळत नाही, नेतोस का?' एवढाच त्याचा कागद. म्हणून जो घरी आणणार, त्याने आधी थोडा अभ्यास केलेला बरा.

घर म्हणजे काय, हेच त्याला माहीत नसतं

पहिला गैरसमज असा, की याला रोज दहा किलोमीटर पळवावं लागेल. नाही. ग्रेहाउंड हा थोडा वेळ जीव तोडून पळणारा आणि उरलेला वेळ लोळणारा प्राणी आहे. दिवसाचे १६ ते १८ तास तो झोपू शकतो. सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास चालणं त्याला पुरतं. त्यामुळे वन बीएचकेत तो छान राहतो.

अडचण वेगळीच असते. हा कुत्रा खुराड्यात किंवा गोठ्याच्या कडेला वाढलेला. जिना त्याने चढलेला नसतो. गुळगुळीत टाइल्सवर त्याचे पाय चारी दिशांना जातात. काचेचा दरवाजा त्याला दिसतच नाही. मिक्सर, वॉशिंग मशीन, कुकरची शिट्टी, सगळंच नवं.

तर पहिले दोन आठवडे पाहुणे नकोत आणि रील्सही नकोत. टाइल्सवर जुनी चटई किंवा पायपुसणी टाका. काचेवर त्याच्या डोळ्यांच्या उंचीला कागदाची पट्टी चिकटवा. जिना एकेक पायरी करत शिकवा, घाई नको. झोपायला जाड गोधडी हवीच, कारण अंगावर चरबी नाही. कठीण फरशीवर झोपला की कोपरांना घट्टे पडतात.

आणि झोपलेल्याला हात लावून उठवू नका. काही ग्रेहाउंड डोळे उघडे ठेवूनही झोपतात. खुराड्यात त्यांना झोपेत कुणी हात लावलेला नसतो, त्यामुळे दचकून गुरगुरतात, कधी तोंडही टाकतात. आधी लांबून नावाने हाक, मान वर केली की मग जवळ. घरात लहान पोरं असतील तर हा नियम पहिल्याच दिवशी. त्याची गोधडी म्हणजे त्याची जागा, तिथे कुणी जायचं नाही.

पट्टा: इथे तडजोड नाही

ग्रेहाउंड नजरेने शिकार करणारा. लांबवर हललेली शेपटी दिसली की डोक्यात एकच गोष्ट उरते. मांजर, कोंबडी, शेळीचं करडू, हवेत उडणारी कॅरीबॅगसुद्धा चालते. तुम्ही 'अरे थांब' म्हणेपर्यंत, दहा सेकंदांत, तो दीडशे मीटर पलीकडे असेल. आणि आपल्याकडे दीडशे मीटरवर काय असतं? चाकणला निघालेला कंटेनर.

म्हणून मोकळ्या जागेत पट्टा सोडायचा नाही. कितीही शहाणा असला तरी नाही. पळवायचंच असेल तर चारी बाजूंनी उंच कुंपण असलेली जागा शोधा.

दुसरी गोष्ट, साधा गळपट्टा चालत नाही. ग्रेहाउंडची मान डोक्यापेक्षा रुंद असते, मागे ओढलं की डोकं सहज सटकतं. मार्टिंगेल पट्टा घ्या. ओढला की तो मर्यादेपर्यंतच आवळतो, गळा दाबत नाही आणि निघतही नाही. सोबत अंगात घालायचा हार्नेसही ठेवा. दोरी मनगटाला गुंडाळू नका, झटका बसला तर तुमचा हात जाईल. बटण दाबून लांब होणारी दोरी तर याच्यासाठी नकोच.

गल्लीतल्या कुत्र्यांचं काय? ते नव्या कुत्र्यावर भुंकणारच, ती त्यांची हद्द आहे. पहिले काही आठवडे पहाटे किंवा रात्री उशिरा, जिथे टोळी नाही अशा रस्त्याने फिरवा. बाहेर नेताना तोंडाला जाळी लावलेली बरी. जाळी अशी हवी की आत त्याला तोंड उघडून धापा टाकता येतील, पाणी पिता येईल. ग्रेहाउंडची कातडी पातळ असते. दुसऱ्या कुत्र्याला जी ओरखड्यावर भागते, ती जखम याला टाक्यांपर्यंत नेते.

डॉक्टरांना पहिलं वाक्य काय सांगायचं?

हा भाग नीट ऐका, कारण इथे जीवाचा प्रश्न आहे. दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य: 'डॉक्टर, हा ग्रेहाउंड आहे.' संकर वाटत असेल तर तेही सांगा.

का? एक कारण भूल. शरीरात चरबी कमी आणि काही औषधं यकृतातून हळू बाहेर पडतात. थायोपेंटोन जातीच्या भुलीतून हे कुत्रे फार उशिरा बाहेर येतात. त्यांच्यासाठी सुरक्षित पर्याय आहेत, पण डॉक्टरांना आधी कळायला हवं. काही ग्रेहाउंडमध्ये ऑपरेशननंतर एक-दोन दिवसांनी रक्तस्राव सुरू होतो. म्हणून नसबंदी असो वा दात काढणं, पुढचे तीन दिवस घरी कुणीतरी लक्ष ठेवायला हवं.

दुसरं कारण रक्ताचा रिपोर्ट. ग्रेहाउंडमध्ये लाल पेशी जास्त असतात, हिमॅटोक्रिट ५० ते ६५ टक्के दिसू शकतो. थायरॉइडचा टी-फोर कमी, क्रिएटिनिन जरा जास्त. आणि प्लेटलेट कमी, निरोगी असतानाही दीड लाखाच्या आत.

आता यात गोम बघा. आपल्याकडे गोचीड ताप भरपूर. एर्लिकिया, बबेसिया ही नावं कुत्रेवाल्यांना पाठ असतात. त्या तापातही प्लेटलेट पडतात. मग रिपोर्ट बघून निरोगी कुत्र्याला विनाकारण औषधं सुरू होऊ शकतात. किंवा उलटं, 'ग्रेहाउंडचे कमीच असतात' म्हणून खरा ताप सुटू शकतो. दोन्ही धोक्याचं. उपाय सोपा आहे. घरी आणल्यावर, कुत्रा ठणठणीत असतानाच एकदा रक्त तपासा, गोचीड तापाची चाचणीही करा आणि तो रिपोर्ट मोबाइलमध्ये जपून ठेवा. पुढे आजारी पडला तर तुलना त्याच्या स्वतःच्या आकड्यांशी होईल.

गोचिडांसाठी डॉक्टर सांगतील ते औषध वेळेवर, वर्षभर. रेबीजची लस दर वर्षी. लेप्टोस्पायरोसिसचीही घ्या. दात बघून घ्या, या कुत्र्यांचे दात लवकर किडतात. रोज ब्रश करायची सवय लावा, कुत्र्यांच्याच पेस्टने. आणि लंगडणं आठवड्याभरात थांबलं नाही तर 'जुनी दुखापत असेल' म्हणून सोडू नका. या जातीत हाडांचा कॅन्सर जास्त दिसतो, एक्स-रे काढा. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या मात्र कधीच नाही.

खाणं, आणि शेजारच्या काकू

'उपाशी ठेवता का हो याला?' हा प्रश्न तुम्हाला येणार म्हणजे येणार. ग्रेहाउंडच्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या दिसतात, ती त्याची तब्येत आहे. काकूंच्या समाधानासाठी त्याला गुटगुटीत करू नका, जुन्या सांध्यांवर भार येतो. कमरेची आणि पाठीची हाडं टोचायला लागली, तर मात्र खरंच बारीक झालाय.

नुसतं दूध-भाकरीवर भागत नाही, प्रथिनं हवीत. चिकन, अंडी, भात, भाज्या, किंवा चांगलं तयार खाणं. अचानक बदलू नका, आठवडाभरात हळूहळू बदला. दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं द्या आणि जेवणाआधी-नंतर तासभर पळापळ नको. खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडतो. पोट टम्म, उलटी येतेय पण पडत नाही, लाळ गळतेय असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना.

शर्यतीच्या कुत्र्याला सुका मेवा द्यायची हौस असते. पण बेदाणे, मनुके, द्राक्षं कुत्र्याच्या किडनीला घातक आहेत. कांदा, लसूण, चॉकलेट आणि शिजवलेली हाडंही बंद.

आळंदीचं ऊन, नदी आणि वऱ्हाड

चरबी नाही, केस आखूड, म्हणजे याला ऊनही सोसत नाही आणि थंडीही. एप्रिल-मेमध्ये फिरणं सूर्य वर यायच्या आत. हाताची मागची बाजू पाच सेकंद डांबरावर ठेवून बघा, तुम्हाला चटका बसला तर त्यालाही बसणार. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे जुना स्वेटर कापून शिवलेला कोटही चालतो.

घाटावर नेत असाल तर इंद्रायणीचं पाणी पिऊ देऊ नका, पाय भिजले तर घरी येऊन स्वच्छ धुवा. पाण्यावर तरंगणारा फेस आपण सगळे बघतोच.

आणि आपलं गाव म्हणजे आवाजाचं गाव. टाळ-मृदंगाला कुत्रे हळूहळू सरावतात. पण लग्नसराईत कार्यालयांपुढे बँड आणि फटाके सुरू झाले की हे घाबरून उधळतात. ज्येष्ठात पालखीचं प्रस्थान, कार्तिकात यात्रा. त्या दिवसांत गर्दी व्हायच्या आधी फिरवून आणा, मग आतल्या खोलीत पंखा लावून, खिडक्या बंद करून ठेवा. गळ्यात फोन नंबरची पट्टी बारा महिने असू द्या आणि मायक्रोचिप बसवून घ्या.

शिफ्ट असेल तर?

हा प्रश्न आपल्या श्रोत्यांचाच. एक आठवडा फर्स्ट, एक सेकंड, एक नाइट. कुत्र्याला घड्याळ कळत नाही, क्रम कळतो. मग वेळ बदलली तरी क्रम बदलू नका: उठणं, फिरणं, खाणं, झोप. शर्यतीचा कुत्रा कायम इतर कुत्र्यांसोबत राहिलेला असतो, एकटेपणा त्याला माहीत नसतो. सुरुवातीला पाच मिनिटं एकटा, मग पंधरा, मग तास. पहिल्याच दिवशी कुलूप लावून दहा तास गेलात तर दरवाजा ओरबाडणार आणि सोसायटीत तक्रार जाणार. एकटेच राहत असाल आणि ओव्हरटाइम ठरलेला असेल, तर दुपारी डोकावणारं माणूस आधी ठरवा, कुत्रा नंतर.

सोसायटीबद्दल सांगायचं तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण शी उचलणं, पट्टा लावणं, लस देणं हे आपलं काम. मोशी, दिघी, चऱ्होलीत राहत असाल तर पिंपरी-चिंचवड महापालिकेचा परवाना काढा. आणि जमत नाही म्हणून कुत्रा माळावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

'जरा ससा दाखवू, मजा बघू' म्हणणारे मित्रही भेटतील. रानातला ससा वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. तुमच्या कुत्र्याने तो मारला तर जबाबदार तुम्ही.

तर मंडळी, आणायच्या आधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. पुढची आठ-नऊ वर्षं मी कुठे असेन? दवाखान्यासाठी दर महिन्याला थोडे पैसे बाजूला पडतील का? मी नसताना पट्टा कोण धरेल? उत्तरं नसतील तर थांबा, त्यात कमीपणा काही नाही. असतील, तर एक जाड गोधडी काढून ठेवा. त्याने आत्तापर्यंत लोकांसाठी पुष्कळ पळून झालंय.

तुमच्याकडे असा कुत्रा असेल तर त्याचं वय, त्याचं खाणं, तुमच्या अडचणी आम्हाला व्हॉइस नोटने पाठवा, पुढच्या भागात बोलू. तोपर्यंत, रामकृष्ण हरी!