दहा कुंड्या, पण वेल एकच : कंदीलपुष्प वाढवताना

‘कंदीलपुष्पावर काम करायचंय, सुरुवात कुठून करू?’ असं बरेच जण विचारतात. माझं उत्तर असतं, आधी एक वेल दोन पावसाळे जगवून दाखवा.

कंदीलपुष्प म्हणजे सेरोपेजिया. काही भागांत खरपुडी किंवा हमणही म्हणतात. लिनियसने १७५३ मध्ये या प्रजातीला नाव दिलं. ही आपल्या रुईच्या कुळातली. सह्याद्रीतल्या कित्येक जाती जगात इतरत्र कुठेही सापडत नाहीत. त्यामुळे सराव सेरोपेजिया बल्बोसावर करा. ही वेल भारतात बऱ्याच ठिकाणी आढळते.

माती आणि पाणी
लाल माती, जाड वाळू आणि कुजलेला पालापाचोळा सारख्या प्रमाणात घ्या. कुंडीला भोकं हवीतच. मुळाशी सावली, शेंड्याला ऊन आणि चढायला काठी द्या. पावसाळा संपला की पानं पिवळी पडतात, वेल वाळते. इथेच बहुतेक जण घाबरून पाणी वाढवतात आणि कंद कुजतो. वेल मेलेली नसते, कंद झोपलेला असतो. पाणी थांबवा, कुंडीवर नावाची पट्टी लावा आणि पुढच्या पावसाची वाट बघा.

फूल आलं, फळ का नाही?
फुलाची नळी हा एक सापळा आहे. वासाने चिलटं आत शिरतात. नळीतले केस आतल्या बाजूला वळलेले असल्याने त्यांना परत फिरता येत नाही. परागपिंडांची जोडी त्यांच्या तोंडाला अडकते. पुढे केस कोमेजतात आणि चिलटं सुटतात. तेच चिलट दुसऱ्या फुलात अडकलं, तर परागण होण्याची शक्यता असते. म्हणून गॅलरीतली एकटी वेल भरपूर फुलूनही बहुधा रिकामीच राहते. शेंगांची जोडी धरलीच, तर पिकण्याआधी तिच्यावर जाळीची पिशवी बांधा. नाहीतर रेशमी केसांची बी वाऱ्यावर उडून जाईल. बी ताजी असतानाच पेरा.

संशोधनासाठी महत्त्वाचं
छाटे लावून एका वेलीच्या दहा कुंड्या सहज होतात. पण जनुकीयदृष्ट्या ती एकच वेल असते. प्रयोगात ‘दहा नमुने’ लिहिलंत, तर परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारेल, आणि तो बरोबरच असेल. संवर्धनालाही हेच लागू पडतं. एकाच वेलीच्या शंभर कुंड्या एकाच रोगाने जाऊ शकतात. वेगवेगळ्या मातृवेलींच्या बियांपासून रोपं करा आणि प्रत्येकीला स्वतंत्र क्रमांक द्या. छाट्याच्या पट्टीवर मूळ वेलीचा क्रमांकही लिहा.

आणि रानातून कंद उपटू नका. वनखात्याची परवानगी काढून थोडं बी आणा, बाकीचं तिथेच राहू द्या. एक कंद खणला की पुढच्या सगळ्या पावसाळ्यांची फुलं त्या जागेवरून गेली.