एकक नसलेला आकडा

सोनईच्या मुळा साखर कारखान्यात ऊस मोजतात टनात आणि साखर क्विंटलमध्ये. कागदावर नुसतं '१८' लिहिलेलं असेल तर त्यावरून कुणाचंही बिल निघणार नाही. संगणकावरचा प्रत्येक प्रोग्राम संपताना असाच एक नुसता आकडा मागे ठेवून जातो. हा एक्झिट कोड. रात्री समोर कुणी नसताना बॅकअप, हिशेब, अहवाल अशी कामं एकामागून एक चालतात, तेव्हा पुढचं काम सुरू करायचं की थांबायचं हे बहुधा याच आकड्यावर ठरतं. पण तो कोणत्या सिस्टीमचा आणि कोणत्या प्रोग्रामचा हे ठाऊक नसेल तर त्यावर विसंबणं धोक्याचं आहे.

युनिक्सच्या घराण्यात शून्य म्हणजे काम फत्ते. निवड शहाणपणाची आहे, कारण बिघाडाच्या तऱ्हा अनेक असतात आणि त्यांना बाकीचे सगळे आकडे मोकळे राहतात. पण व्हीएमएस या जुन्या सिस्टीममध्ये विषम आकडा यशाचा आणि सम आकडा अडचणीचा! आकड्याची रुंदीही सारखी नाही. लिनक्सवर आकड्याचे शेवटचे आठ बिटच सहसा पुढे पोचतात, म्हणजे ० ते २५५. समजा, एखादा प्रोग्राम सापडलेल्या चुकीच्या नोंदींची संख्याच एक्झिट कोड म्हणून देतो. २५५ चुका निघाल्या तर काम फसल्याचं कळेल. आणखी एक चूक वाढली की जुन्या स्कूटरच्या किलोमीटर मोजणाऱ्या मीटरसारखा आकडा फिरून शून्यावर येतो आणि सगळं ठीक असल्याचा निरोप जातो. विंडोज ३२ बिट सांभाळतं, तिथे २५६ हे २५६च राहतात. लिनक्सच्या शेलमध्ये १३७ दिसले तर ते १२८ अधिक ९, म्हणजे ९ क्रमांकाचा सिग्नल देऊन प्रोग्राम सक्तीने बंद केला गेला. विंडोजवर प्रोग्रामने मेमरीत भलतीकडे हात घातला की -१०७३७४१८१९ असा अक्राळविक्राळ आकडा येतो. तोच षोडशमान पद्धतीत लिहिला की सी, मग सहा शून्यं आणि शेवटी पाच, असा नीटनेटका निघतो.

कुणी म्हणेल, शून्य आणि शून्येतर एवढं पाहिलं की भागतं. भागत नाही. विंडोजची रोबोकॉपी फाइली नीट उतरवून १ देते. तिच्याकडे बिघाड सुरू होतो ८ पासून. मजकूर शोधणारी ग्रेप १ देते तेव्हा तिला शब्द सापडलेला नसतो एवढंच, खरी चूक २ ला. मग आकडे सोडून शब्दांतच का सांगू नये? बेल लॅब्सच्या प्लॅन ९ सिस्टीमने तेच केलं: रिकामा मजकूर म्हणजे यश, नाहीतर कारण शब्दांत. कल्पना सुंदर आहे, पण संगणकाची भाषा बदलली की संदेशही बदलू शकतो, आणि इंग्रजी वाक्य शोधणारी स्क्रिप्ट मराठी संगणकावर आंधळी होते. आकड्याला भाषेची अडचण नाही. म्हणून आकडा राहावा, मात्र त्याचं एकक लिहिलेलं असावं: कोणता कोड कशासाठी, हे स्क्रिप्टच्या डोक्यावरच नोंदवावं, आणि चुकांची मोजदाद फाइलमध्ये ठेवावी. तुमच्या कार्यालयाचा बॅकअप रोबोकॉपीवर चालत असेल तर आजच ती स्क्रिप्ट उघडा आणि बिघाडाची अट 'शून्य नाही' अशी आहे की 'आठ किंवा अधिक' अशी, हे पाहून घ्या.