'फोर्ट'मध्ये किल्ला कुठे आहे?

कोपर-डोंबिवलीच्या मुलांना 'फोर्ट' हा शब्द नवा नाही. कुणाचे बाबा, कुणाची आई रोज लोकलने तिथे कामाला जातात. पण वर्गात एखादं मूल हमखास विचारतं, "फोर्ट म्हणजे किल्ला ना? मग तो दिसत का नाही?" प्रश्न अगदी बरोबर आहे. उत्तर नीट समजून घेऊ या.

मुंबई 1668 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आली. पुढे 1715 च्या सुमारास गव्हर्नर चार्ल्स बून याने वस्तीभोवती तटबंदी उभारायला घेतली. तिला तीन वेशी होत्या : दक्षिणेला अपोलो गेट, उत्तरेला बाजार गेट आणि पश्चिमेला चर्च गेट. हे 'चर्च' म्हणजे आतलं सेंट थॉमस कॅथेड्रल (1718). आजचं चर्चगेट स्टेशन त्या वेशीच्या जागी नाही, बरं का! वेस होती साधारण फ्लोरा फाउंटनपाशी. स्टेशन तिथून बरंच पश्चिमेला आहे.

तटाच्या आत मधोमध मोकळं मैदान होतं. तेच आजचं हॉर्निमन सर्कल. त्याच्या दक्षिणेला मुख्यतः इंग्रजांची घरं, तर उत्तरेला बाजार गेटच्या बाजूला पारशी, गुजराती व्यापाऱ्यांची दाट वस्ती. एकाच तटात राहूनही दोन वेगळी गावं! मुलांना नकाशा दाखवताना ही गोष्ट सोडू नका. गाव वसवताना कोण कुठे राहणार, हे सत्ता ठरवते, हे त्यातून कळतं.

1803 मध्ये उत्तर भागात मोठी आग लागली. त्यानंतर अनेक कुटुंबं तटाबाहेर राहायला गेली. तटासमोरची जागा मात्र मोकळीच ठेवलेली होती, कारण तोफांच्या माऱ्याला आडोसा नको. आजची आझाद, क्रॉस आणि ओव्हल मैदानं हा त्याच मोकळ्या पट्ट्याचा उरलेला भाग. आज तिथे मुलं क्रिकेट खेळतात, त्याचं मूळ तोफांत आहे!

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तेव्हा तट उभाच होता. पुढच्या वर्षी रेल्वे कल्याणपर्यंत, म्हणजे आपल्या बाजूला आली. वाढत्या शहराला तट अडचणीचा होऊ लागला आणि 1860 च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या काळात तो पाडला गेला. मोकळ्या झालेल्या भागात रुंद रस्ते आणि मोठ्या इमारती आल्या : उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर (दोन्ही 1878), मग बोरीबंदरचं भव्य स्थानक (1888). फ्लोरा फाउंटनपाशी आता हुतात्मा चौक आहे. मुंबईसह महाराष्ट्रासाठी प्राण देणाऱ्यांचं ते स्मारक. इंग्रजांची वेस होती त्याच परिसरात आपल्या राज्याची आठवण उभी आहे.

म्हणजे किल्ला गेला, पण त्याचा आराखडा राहिला. तटाचा थोडा अवशेष सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात आहे.

पालकांनो, सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन सीएसएमटीला उतरा. हुतात्मा चौक, हॉर्निमन सर्कल, ओव्हल मैदान असं पायी फिरा. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा : "आपण आत्ता तटाच्या आत आहोत की बाहेर?" इतिहासाचा धडा मग पाठ करावा लागणार नाही.