हातात मोबाईल, भोवती माणसे

मोबाईल आता गावोगाव आला आहे. शेतावर आहे, बाजारात आहे, एसटीत आहे. मुंबईला गेलेला मुलगा रोज आईशी बोलतो. बाजारभाव घरबसल्या कळतो. रात्री कुणी आजारी पडले, तर १०८ नंबर लावून रुग्णवाहिका बोलावता येते. मोठी सोय झाली.

ही सोय फार जुनी नाही. आपल्या देशात मोबाईलवरचे पहिले बोलणे ३१ जुलै १९९५ रोजी झाले. पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून बोलले. दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांनी ते ऐकले. त्या वेळी मोबाईल फार महाग होता. फोन करणाऱ्याला पैसे पडत, आणि आलेला फोन घेणाऱ्यालाही पडत. म्हणून माणसे मोजकेच बोलत. २००३ सालच्या मे महिन्यापासून येणारा फोन फुकट झाला. पुढे सगळेच स्वस्त झाले. मग लोक मोकळ्या तोंडाने बोलू लागले.

वस्तू लवकर येते. ती वापरण्याची रीत मागाहून येते. पंगतीत सगळ्यांचे जेवण झाल्याशिवाय एकट्याने उठू नये, हे लहान पोरही जाणते. ती रीत वाडवडिलांनी घालून दिली. मोबाईलची रीत मात्र वाडवडिलांना ठाऊक नव्हती. ती आपणच घालायची आहे.

ओरडून काय होते?

पुष्कळ माणसे मोबाईलवर ओरडून बोलतात. मुलगा लांब पुण्याला आहे, त्याला ऐकू गेले पाहिजे, असे वाटते. पण तुमचा आवाज पुण्याला चालत जात नाही. फोनच्या खालच्या कडेला बारीक भोक असते. त्याच्या आत माइक असतो. तो आवाज टिपतो. फोन त्या आवाजाच्या खुणा बनवतो आणि लहरींवरून जवळच्या टॉवरकडे धाडतो. तिथून त्या पुढे जातात. शेजारचे गाव असो की दिल्ली, माइकला साधा आवाज पुरतो.

रेंज नसेल तर लहरीच नीट पोचत नाहीत. मग कितीही ओरडा, बोलणे तुटणारच. अशा वेळी चार पावले मोकळ्या जागेत जावे. ओरडून एकच होते. पलीकडच्याचे कान किटतात आणि अलीकडच्या सगळ्यांना घरची गोष्ट कळते.

एसटी सगळ्यांची आहे

एसटीत एक जण गाणी लावतो. दुसरा कीर्तन लावतो. तिसरा व्हिडिओ बघत हसतो. कीर्तन चांगलेच आहे हो! पण शेजारी रात्रपाळी करून आलेला कामगार असेल. पलीकडे आजारी माणूस असेल, लेकरू निजवणारी आई असेल. आपण तिकीट काढले ते एका जागेचे. सगळ्या गाडीच्या कानांचे नाही काढले!

मुंबईत बेस्टच्या बसगाड्या चालतात. तिथे २०२३ साली नियमच करावा लागला. मोबाईलवर काही ऐकायचे असेल तर इयरफोन लावा, मोठ्याने लावू नका, असा तो नियम. माणसांनी आपणहून रीत पाळली, तर असे नियम कशाला लागतील?

दवाखान्यात, बँकेत आणि ग्रामसभेत फोनचा आवाज बंद ठेवावा. मयताच्या घरी तर आत शिरण्याआधीच बंद करावा. तिथे रडणे चालू असते, आणि कुणाच्या तरी खिशात लावणी वाजते. त्या घरच्या माणसांना काय वाटत असेल? तिथे फोटोही काढू नयेत. दुःखात बसलेल्या माणसाचा फोटो गावभर फिरवणे हे काही माणुसकीचे लक्षण नाही.

स्पीकर लावण्याआधी

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. समजा, एक लेक सासरी नांदते आहे. तिला तिथे जाच आहे. एक दिवस धीर करून ती भावाला फोन लावते. भाऊ पारावर चौघांत बसला आहे. तो सवयीप्रमाणे स्पीकर लावतो. बहीण बिचारी मन मोकळे करते. आपण भावाशी बोलतो आहोत, असे तिला वाटते. पण ऐकणारे असतात पाच जण! त्यांतला एखादा तिच्या सासरच्यांचा सोयरा निघतो. संध्याकाळपर्यंत तिचा शब्द न् शब्द सासूच्या कानावर जातो.

पुढे काय होईल, ते सांगायला नको. ती लेक पुन्हा फोन करील का? नाही करणार. ज्या दिवशी मदत हवीच असेल, त्या दिवशीही ती गप्प राहील. भावाच्या मनात वाईट नव्हते. त्याने नुसता स्पीकर लावला होता.

म्हणून चौघांत असताना फोन आला, तर आधी सांगावे, “ताई, थांब जरा. इथं माणसं आहेत. बाजूला येऊन बोलतो.” घरात सगळ्यांना बोलायचे असेल, तर खुशाल स्पीकर लावा. पण पलीकडच्याला तसे आधी सांगा.

कर्जाची गोष्ट, आजाराची गोष्ट, मुलीच्या स्थळाची गोष्ट चारचौघांत बोलू नये. बँकेचा गुप्त आकडा, म्हणजे ओटीपी, तर कुणालाच सांगू नये. बँकेतून बोलतो असे सांगून कुणी मागितला, तरीसुद्धा नाही.

समोरचा आणि पलीकडचा

पाहुणा ओसरीवर बसला आहे. आपण मात्र मान खाली घालून मोबाईलवर बोट फिरवतो आहोत. पाहुणा चहा पितो आणि निघून जातो. तो कशासाठी आला होता? कदाचित उसने बी मागायला आला असेल. कदाचित आपल्याच भल्याचे सांगायला आला असेल. न सांगताच गेला. फोन आला आणि घ्यावाच लागला, तर “काका, दोन मिनिटं बोलून येतो” म्हणावे आणि लवकर परत यावे.

पलीकडच्याचाही विचार करावा. शेतीची वीज पुष्कळदा रात्री येते. रात्रभर पाणी देऊन शेतकरी सकाळी आडवा होतो. आपल्याला काय ठाऊक? म्हणून आधी विचारावे, “आत्ता बोलू का?” फोन उचलला नाही, तर दहा वेळा वाजवू नये. आता तुम्हांला लिहितावाचता येते. दोन ओळींचा निरोप लिहून पाठवा. सवडीने तो वाचील.

वाचता येते, पण वाचू नये

वाचता येऊ लागले, की दिसेल ते वाचावेसे वाटते. दुकानाची पाटी वाचा, पोत्यावरचा भाव वाचा, बसचा फलक वाचा. पण दुसऱ्याच्या मोबाईलवर आलेला निरोप वाचू नका. ते दुसऱ्याचे पत्र फोडण्यासारखे आहे. कुणी फोटो दाखवायला मोबाईल हातात दिला, तर तेवढाच फोटो बघावा. पुढचे फोटो सरकवू नयेत.

गावात अजून कितीतरी म्हाताऱ्या माणसांना नंबर लावता येत नाही. एखादी आजी म्हणेल, “बाळा, माझ्या लेकाला फोन लावून दे.” जरूर लावून द्यावा. मग फोन तिच्या हाती देऊन चार पावले दूर जावे. माय-लेकांचे बोलणे त्यांचे त्यांना होऊ द्यावे. तिने निरोप वाचून मागितला, तर तिच्यापुरता हळू वाचावा आणि विसरून जावा. तुमच्याही कितीतरी चिठ्ठ्या आजवर दुसऱ्यांनी वाचून दाखवल्या. कुणी ऐकलेले पोटात ठेवले, कुणी गावभर केले. कोणता माणूस चांगला वाटला, ते तुम्हांला माहीत आहे.

सांगावे कसे?

शेजारचा मोठ्याने गाणी लावून बसला, तर भांडू नये. “दादा, जरा आवाज कमी करता का? डोकं दुखतंय,” एवढे म्हणावे. बहुतेक माणसे लगेच ऐकतात. आणि आपल्याला कुणी असे म्हटले, तर राग मानू नये. आवाज कमी करावा.

एवढे ध्यानात ठेवा :

१. हळू बोला. ओरडल्याने रेंज वाढत नाही.
२. चारचौघांत मोठ्याने काही लावू नका.
३. स्पीकर लावण्याआधी पलीकडच्याला सांगा.
४. कुणाचा फोटो काढायचा तर आधी विचारा.
५. दुसऱ्याचा निरोप वाचू नका. वाचून दाखवलाच, तर पोटात ठेवा.

या गोष्टींना पैसा लागत नाही. रिचार्जही लागत नाही. आज घरी गेल्यावर पोराबाळांना हे वाचून दाखवा. त्यांना मोबाईल आपल्याहून चांगला चालवता येतो. रीत मात्र त्यांना आपणच शिकवायची आहे.