नदी, पाणथळ आणि पाण्यातील लहान जीव

जलचरांचा पाठ शिकविताना मासा, बेडूक, कासव यांची नावे आपण घेतो. गोगलगाई, शिंपले, पाणविंचू, चतुराची पिल्ले या पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांची आठवण सहसा होत नाही. वस्तुतः मासे व पाणपक्षी यांच्या अन्नाचा मोठा भाग हाच होय. एखाद्या पाणथळीत असे प्राणी किती प्रकारचे सापडतील, हे केवळ पाण्याच्या साठ्यावर अवलंबून नसते. त्या पाण्याची नदीशी गाठ वर्षातून किती वेळा व किती काळ पडते, यावरही ते अवलंबून असते.

शिंपल्याचेच पाहा. गोड्या पाण्यातील बहुतेक शिंपल्यांची सूक्ष्म पिल्ले प्रथम माशाच्या कल्ल्यांना वा परांना चिकटून वाढतात व मग तळाशी उतरतात. नदीतून मासा आत येण्याची वाट बुजली, तर जुने शिंपले काही वर्षे जगतात. नवी पिढी मात्र उपजत नाही. याउलट, पावसाळी डबक्यांत उताणी पोहणारी फेअरी श्रिंप मासा शिरताच फस्त होते. तिची अंडी कोरड्या मातीत टिकून राहतात. म्हणून डबके आटणे तिच्या पथ्यावरच पडते! तात्पर्य, एकास जोडलेले पाणी हवे, तर दुसऱ्यास तुटलेले.

युरोपात व्हिएन्ना शहराच्या खालच्या अंगास डॅन्यूब नदीचे पात्र एकोणिसाव्या शतकात सरळ करण्यात आले व बांधांमुळे तिचे पुष्कळ फाटे तुटले. तेथे १९९६ मध्ये राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले, आणि काही फाटे पुन्हा नदीस जोडण्यात आले. अभ्यासकांना असे आढळले की, माशांचे प्रकार सदैव जोडलेल्या फाट्यांत सर्वाधिक, बेडकांचे तुटलेल्या पाण्यात अधिक, आणि इतर गटांची समृद्धी या दोहोंमधील निरनिराळ्या पायऱ्यांवर.

आपल्याकडे निफाड तालुक्यात गोदावरी-कादवा संगमापाशी बांधलेल्या नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्यामागे गाळ साचून विस्तीर्ण पाणथळ निर्माण झाली. पण इतके दूर जावयास नको. गावच्या नदीकाठीही वाहती धार, धारेस जोडलेली उथळ जागा व पूर ओसरल्यावर मागे राहिलेले डबके अशी तीन पाणी बहुधा असतातच. रस्त्याच्या भरावाखालील मोरीचा तळ उंच राहिला, की लहान पूर आत येईनासा होतो. ओहळ बुजवून रान वाढविले, तरी तेच घडते. गावात याचा फारसा विचार होत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

शिक्षकबंधुभगिनींनी पावसाळा सरल्यावर वरच्या वर्गातील मुलांसह या तिन्ही ठिकाणचे पाणी पातळ फडक्याने गाळून पांढऱ्या ताटात पाहावे. काठ उथळ असावा. मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. प्राण्यांची संख्या न मोजता प्रकार मोजावेत, चित्रे काढावीत व जीव जेथल्या तेथे सोडावेत. पुराचे पाणी डबक्यात केव्हा शिरले व केव्हा तुटले, या तारखाही वहीत अवश्य नोंदवाव्यात. त्या सांगावयास गावातील कोळी व नदीकाठचे शेतकरी यांच्याइतका जाणकार दुसरा मिळणार नाही.